इंजीनबाब

शिरगावात कुणाच्या घरी कुकरची तिसरी शिटी झाली की इंजीनबाब दारात हजर होतात, असं लोक म्हणतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते पहिल्याच शिटीला येतात.

"शिटी म्हणू नये तिला," चपला काढता काढता ते सुरू करतात. "वजनाची झडप ती. पापीन म्हणून एक फ्रेंच होता, त्याचं डोकं. १६७९. लंडनात पंडितांच्या सभेपुढं बंद भांड्यात हाडं शिजवून दाखवली. हाडं! लोण्यासारखी. झाकण उडून कुणाच्या टाळक्यात बसू नये म्हणून वर वजन ठेवलं. वाफ माजली की वजन उचलायचं, फुस्स करायचं आणि परत बसायचं. वाफेचं पुढचं सगळं राज्य त्या फुस्समधून आलं."

घरच्या बाईला राज्य नको असतं, तूरडाळ हवी असते. पण इंजीनबाब शेगडीकडे कान लावून उभे असताना गॅस बंद करणं बरं दिसत नाही. त्यांच्या वाड्यावर डाळ ताटात येते ती गाळ होऊनच.

खरं नाव मतदार यादीत असेल. बाकी सगळीकडे ते इंजीनबाब. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, अंगात खाकी हाफ शर्ट, वरच्या खिशात टेस्टर आणि लेंग्याच्या खिशात दहा-अकराचा पाना. लेंग्याची ती बाजू कायम दोन बोटं खाली. लग्नाला जाताना शर्ट पांढरा होतो, पाना तोच.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात अशी माणसं गावोगाव भेटतात. बापाच्या हातात नांगर, मुलाच्या हातात पाना, मधली पायरीच नाही. इंग्लंडला ज्याला शंभर-दीडशे वर्षं लागली ते आमच्याकडे एका पिढीत उरकलं. १९५१च्या सुमाराला, गोव्यात अजून पोर्तुगीज असताना, जपानच्या पोलादवाल्यांनी इथल्या खाणीसाठी यंत्रं उधार दिली. उधारी फेडायची खनिजानेच. तोवर टोपल्यांतून निघणारा डोंगर मग लोखंडी बादल्यांतून निघू लागला. ट्रक, सारमानसचा धक्का, बार्ज, मांडवी, मुरगाव आणि जहाज अशी त्याची वाट ठरली. गावातल्या पोराने आयुष्यात पहिलं यंत्र पाहिलं ते शिवणयंत्र किंवा सायकल नव्हे, डोंगर खाणारं. अशा माणसाचं डोकं थोडं यंत्राच्या बाजूला कललं तर त्यात नवल नाही.

पण इंजीनबाब नुसते कललेले नाहीत. त्यांच्याकडे पुस्तक आहे.

हे पुस्तक त्यांना खाणीच्या वर्कशॉपात मिळालं. बेअरिंगं बांधायला आणलेल्या रद्दीत ते होतं, जुन्या टायपातलं मराठी, मुखपृष्ठ नसलेलं. पहिली सोळा पानं बेअरिंगांबरोबर गेली होती. सतराव्या पानावर पापीन हाडं शिजवत होता, तिथून इंजीनबाबांनी वाचायला घेतलं. शेवटचीही बरीच पानं गायब. शेवटच्या शिल्लक पानावर १८७९ साल आहे, एडिसन काचेच्या दिव्यात तंतू पेटवून बसलाय, आणि पान संपतं ते या शब्दांवर: "तेव्हा एडिसनच्या मनात आले की". एडिसनच्या मनात काय आलं हे इंजीनबाबांना आजतागायत कळलेलं नाही.

१६७९ ते १८७९. बरोबर दोनशे वर्षं. त्याच्या अलीकडे-पलीकडे इंजीनबाबांच्या जगात काही घडलेलंच नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, भारतातला पहिला छापखाना आपल्या गोव्यात आला, १५५६ साली. निघाला होता ॲबिसिनियाला, उतरला इथं." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, "पहिल्या सोळा पानांत असेल."

१८७९ नंतरच्या गोष्टींना ते 'नंतरच्या भानगडी' म्हणतात आणि त्या जुन्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मोबाईल म्हणजे तारायंत्र. "मोर्स, १८४४. ह्यांनी फक्त तार काढली." मोटार म्हणजे रस्त्यावर उतरलेलं इंजीन. २०२३च्या ऑगस्टात चंद्रयान उतरलं त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर अख्खा वाडा जमला होता. टाळ्या झाल्या, कुणीतरी रॉकेटचं कौतुक केलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "रॉकेट १८२९चं. स्टीफन्सन. रेनहिलच्या शर्यतीत सगळ्यांना मागं टाकलं. पुढच्या वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन, एवढे पुढारी, एवढी गर्दी, आणि हस्किसन नावाचा खासदार रुळावर उतरून गप्पा मारत बसला. त्याच रॉकेटखाली गेला." मग टीव्हीकडे बघून काळजीने विचारलं, "तिथं खाली कुणी उभं नाही ना?"

हॉटेल हसलं. मीही हसलो. घरी येऊन हस्किसन तपासला. १८३०, खासदार, माजी मंत्री, रॉकेटच. इंजीनबाबांचं साल मी आजवर अनेकदा तपासलंय. एकदाही चुकलेलं सापडलं नाही, आणि याचा मला थोडा राग आहे. औद्योगिक क्रांती आम्हीही शिकलो, पाच मार्कांना. स्पिनिंग जेनी कोणी शोधली याचं उत्तर मी रिकाम्या जागेत भरलं आणि जेनी कातायची काय हे विचारायचं राहूनच गेलं. हा माणूस सातवीला शाळा सोडून खाणीवर गेला आणि त्याला बेसेमरच्या भट्टीचं दुखणं माहीत आहे. "१८५६ला हवा फुंकून पोलाद केलं खरं. पण मालात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ, टाकून द्या. वीस वर्षं कुणाला इलाज सापडेना. शेवटी काढला कोणी? कोर्टातल्या कारकुनानं. थॉमस. दिवसा फौजदारी कोर्टात लिहायचं, रात्री भट्टी. भट्टीचं अस्तर बदललं, झालं." हे सांगताना ते माझ्याकडे रोखून बघतात, कारण मी डिचोलीत कारकून आहे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काहीही करत नाही.

ज्ञान घेऊन गप्प बसणारी माणसं वेगळी. इंजीनबाब ते वापरतात, आणि तिथून भांडणं सुरू होतात.

त्या चहाच्या हॉटेलचीच गोष्ट. मालकाच्या शेगडीची ज्योत पिवळी, भांडी काळी, गॅस महिना पुरेना. इंजीनबाबांनी बर्नर उघडला, जेट टाचणीने साफ केला, हवेची चकती फिरवली, ज्योत निळी केली. मालक पैसे द्यायला लागला. "पैसे नकोत. वॉटचा हिशेब."

वॉटचा हिशेब असा. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन खाणवाल्यांकडून इंजिनाची किंमत घेण्यापेक्षा वेगळीच बोली करत. जुन्या इंजिनापेक्षा जितका कोळसा वाचेल, त्या बचतीचा तिसरा हिस्सा आम्हाला. इंजीनबाबांनी वाचलेल्या गॅसचा तिसरा हिस्सा मागितला, भजीच्या रूपात. पहिला महिना मालकाने हौसेने दिली. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की रोज सकाळी एक माणूस येतो, दोन प्लेट मिरचीभजी खातो आणि सिलिंडरवर बोटाने टिचकी मारून गॅस किती उरला ते ऐकतो. तिसऱ्या महिन्यात त्याने जाहीर केलं की गॅस वाचलेलाच नाही.

"कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनीपण हेच केलं," इंजीनबाब शांतपणे म्हणाले. "वॉट कोर्टात गेला."

"तुम्ही जाताय?"

"मी शेजारच्या हॉटेलात जातो." गेले. तिथली ज्योतही आता निळी आहे.

ही माणसं घरात कशी असतील, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. काकींना विचारल्यावर तो सुटला. लग्न झाल्यावर नव्या नवरीला घेऊन इंजीनबाब रेल्वेने दूधसागरला गेले. मुरगावहून घाटावर जाणारी ती तेव्हाची मीटरगेज लाईन १८८८ सालची, पोर्तुगीजांच्या मुलखात इंग्रज कंपनीने टाकलेली. तेव्हा अजून वाफेची इंजिनं होती. डबा एका बाजूला झुकेल इतकी माणसं धबधब्याच्या खिडक्यांकडे सरली. इंजीनबाब मागच्या स्टेशनात उतरून इंजिनावर जे जाऊन उभे राहिले होते, ते परत डब्यात आले तेव्हा धबधबा मागं गेला होता. काकींना चढाईच्या गप्पा, बॉयलरचा दाब आणि घाटात मागून ढकलणारं दुसरं इंजीन यांची माहिती मिळाली. पन्नास वर्षांनीही त्यांचा स्वर तोच आहे. "दूदसागर दाखयतां म्हणून व्हेलें, आनी इंजिनाक उदक घालतात तें दाखयलें."

उदक हा त्यांच्या संसारातला जुना विषय आहे. तिथं आता यायलाच हवं.

इंजीनबाब खाणीवर पंपावर होते. तेहतीस वर्षं. कंपनीचं नाव मी घेत नाही, तेही घेत नाहीत. 'आमची कंपनी' एवढंच. खड्डा खोल जातो तसं पाणी लागतं, ते उपसून बाहेर टाकलं नाही तर मशीन खाली उतरत नाही. म्हणून पुस्तकातलं त्यांचं सगळ्यात लाडकं पान आहे न्यूकोमेनचं. टॉमस न्यूकोमेन, डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी. १७१२ साली डडलीजवळ कोळशाच्या खाणीवर त्याने पहिलं चालणारं वाफेचं इंजीन उभं केलं, आणि ते ना गाडी ओढायला होतं ना सूत कातायला. खाणीतलं पाणी उपसायला.

"आयक रे पुता," असं म्हणून ते उठले की समोरच्याने चहाचा कप सुरक्षित जागी ठेवावा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरतात. हा तुळईचा दांडा. उजव्या हाताखाली सिलिंडर, डाव्या हाताखाली खाण. वाफ आत आली: उजवा हात वर. थंड पाण्याचा फवारा: तोंडाने 'च्यॅक'. वाफेचं पाणी झालं, आत पोकळी, बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते: उजवा हात खाली, डावा वर, आणि डाव्या हाताबरोबर दीडशे फूट खालून पाणी. "एका हिसक्याला पंचेचाळीस लिटर. मिनिटाला बारा हिसके." बारा म्हणजे बाराच. ते मनगटावरच्या घड्याळात बघून हिसके देतात. एकदा अकराव्याला कमरेत उसण भरली, तर बारावा बसून दिला.

"आणि कोळसा?" मी विचारलं.

"खायचं, राक्षसासारखं. म्हणून तर कोळशाच्या खाणीवरच परवडायचं. वॉटनं १७६५ला वाफ थंड करायला वेगळं भांडं काढलं, तेव्हा कुठं पोट आटोक्यात आलं."

त्या इंजिनाच्या झडपा हाताने उघडायला पोरगा ठेवत, आणि हंफ्री पॉटर नावाच्या पोराने खेळायला जाता यावं म्हणून दांड्याला दोऱ्या बांधून झडपा आपोआप उघडायला लावल्या, अशी एक गोष्ट आहे. अभ्यासक तिला दंतकथा म्हणतात. इंजीनबाब मानत नाहीत, कारण त्यांनी पॉटर पाहिलाय. त्यांच्या हाताखालच्या हेल्परने पंपाच्या स्विचला दोरी, दोरीला रिकामा ऑइलचा डबा, असा तरंगता बंदोबस्त केला आणि क्रिकेटला गेला. फोरमनने पकडला, मेमो द्यायला निघाला. इंजीनबाबांनी त्याला वाचवला आणि सगळ्यांसमोर बारसं केलं. तो हेल्पर पुढे दोन टिप्परचा मालक झाला, पण गाव त्याला अजून पॉटरच म्हणतं. त्याची नातवंडं समजतात, आजोबांना जादू येते.

आता पाण्याचं. आमच्या भागात वरचा जांभा पाणी धरतोच, पण त्याच्या खालचं भुसभुशीत लोहखनिजही धरतं. जिथं माल, तिथंच पाणी. माल काढायचा तर पाणी काढावं लागतं, आणि पंप खड्ड्यात असला तरी तो खड्ड्यापुरतंच पाणी ओढत नाही. शिरगावच्या विहिरी आटल्या हे गोव्यात कुणाला नव्याने सांगायला नको, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. इंजीनबाबांच्या परसातली बांय चिरेबंदी, आजोबांनी बांधलेली. ती एका एप्रिलात तळाला गेली. त्याच एप्रिलात पंप वर्षभर एकदाही बंद न पडल्याबद्दल इंजीनबाबांना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ स्वयंपाकघरात लावलंय. टँकर किती वाजता येतो ते बघायला उपयोगी पडतं.

यावर इंजीनबाब काय म्हणतात? काही नाही. मी दोन-तीनदा वळसा घालून विचारलं. प्रत्येक वेळी ते खाणीतल्या डेव्हीच्या दिव्याकडे वळले, १८१५.

सगळ्याच गोष्टी ते यंत्राच्या मापाने मोजतात असंही नाही. देवी लईराईचे ते धोंड, म्हणजे व्रती भक्त, आहेत, तरुणपणापासून. वैशाखातल्या जत्रेला व्रत धरतात, तेवढे दिवस पाना खुंटीला. सोवळं नेसून, हातात वेतकाठी घेऊन तळीवर स्नान करतात आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालून येतात. एकदा कॉलेजातल्या एका मुलाने त्यांना समजावलं, कोळसा उष्णता फार सावकाश पोचवतो, पाय टेकतो तो क्षणभरच, म्हणून भाजत नाही, साधं विज्ञान आहे. मला वाटलं, आता जुंपणार. इंजीनबाबांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली.

"बरोबर आहे तुझं. फुडल्या वर्सा तूं आदीं चल."

खाणी २०१२ला थांबल्या, मधे सुरू झाल्या, २०१८च्या मार्चात पुन्हा थांबल्या. ट्रकांची धूळ बसली, तसा कर्जाचे हप्ते भरणाऱ्यांचा धीरही बसला. उपसा थांबलेले खड्डे भरत गेले, हिरवं गार पाणी. निवृत्त झालेले इंजीनबाब रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहायचे. दगडावर रंगाने रेघा मारल्या होत्या, वहीत पातळी लिहायचे. एवढं पाणी नुसतं उभं आहे हे त्यांच्या हातांना सहन होत नसे. बोलता बोलता उजवा खांदा आपोआप खालीवर व्हायचा. २०२२च्या अखेरीला लिलाव झाले, आता पुन्हा हालचाल आहे. वही अजून चालू आहे.

परवा मी गेलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते, म्हणजे बक्षिसाच्या घड्याळात. टँकर दारात येऊन उभा होता, पण पाणी येत नव्हतं. टँकरवाल्याचा पेट्रोलवरचा छोटा पंप नुसताच घुरघुरत होता. पोरगा दोरी ओढून ओढून घामाघूम. इंजीनबाब ओट्यावरून उतरले. पंपावर तळहात ठेवला, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो.

"हवा धरलीय. पाणी पाज त्याला."

प्राइम केल्याशिवाय पंप ओढत नाही हे मलाही माहीत होतं. पण टँकरवाल्याकडची बाटली रिकामी, पिंपं कोरडी, घरात उरलेलं पाणी फक्त काकींच्या कळशीत, पिण्याचं. इंजीनबाबांनी आत जाऊन कळशी उचलली. काकी काही बोलल्या नाहीत, दाराशी येऊन उभ्या राहिल्या. इंजीनबाबांनी पान्याने वरचा बूच सोडवला, कळशी तिरकी केली, एक थेंब बाहेर न सांडता पंपाच्या पोटात ओतली, बूच आवळला. दोरी ओढली. इंजीन पेटलं, घुरघुर थांबून आवाज भरला, पाइप ताठ झाला आणि पिंपात धार पडली. इंजीनबाब कान देऊन ऐकत होते. बोटं लेंग्यावर ताल धरत होती. चेहरा असा, की १७१२ साल डडलीत नव्हे, इथंच उजाडलंय.

काकींनी रिकामी कळशी उचलली, पालथी करून बघितली आणि मला म्हणाल्या, "उदक वयर काडपाचें इंजीन कोणें केलें, तें हांव पन्नास वर्सां आयकतां. सकयल घालपाचें कोणें केलें, तें विचार मरे तांकां."

पंपाचा आवाज मोठा होता, पण त्यांना ऐकू गेलं. त्यांनी परसातल्या विहिरीकडे एकदा पाहिलं. पाना लेंग्याला पुसून खिशात टाकला.

"फुडल्या पानांनी आसतलें," ते म्हणाले.